कोऱ्या अहवालाचा अर्थ

‘छातीत पाणी झाले आहे’ हे वाक्य मराठी घरांना अपरिचित नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाला आठ-पंधरा दिवस ताप येतो, श्वास घेताना कुशीत कळ उठते, एक्स-रेमध्ये छातीच्या एका बाजूस पांढरी छाया दिसते आणि डॉक्टर हे वाक्य उच्चारतात. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की, फुप्फुसात पाणी शिरले. वस्तुतः ते फुप्फुसात नसते, फुप्फुसाभोवती असते. आणि पुष्कळदा ते पाणीही नसते, पू असतो. हा पू कोणत्या जंतूंमुळे झाला, हा प्रश्न वैद्यकशास्त्र सुमारे दीडशे वर्षे विचारीत आले आहे. त्या शोधाची हकीकत केवळ डॉक्टरांच्या कामाची नाही. ज्या घरात उद्या असा रुग्ण असेल, त्या घरानेही ती जाणून घ्यावी अशी आहे.

फुप्फुसावर एक पातळ, ओलसर पडदा असतो. तसाच दुसरा पडदा बरगड्यांच्या आतील बाजूस असतो. दोहोंना मिळून फुप्फुसावरण म्हणतात. निरोगी माणसात या दोन पडद्यांमध्ये जेमतेम दोन-तीन चमचे द्रव असतो. तेवढ्या ओलाव्यावर हे पडदे श्वासागणिक एकमेकांवरून विनासायास सरकत राहतात. शेजारच्या फुप्फुसाला न्यूमोनिया झाला की या जागेत द्रव झिरपू लागतो. आरंभी तो पातळ व पिवळसर असतो. पुढे त्यात जंतू शिरतात, द्रव दाट होतो, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निर्माण होऊन त्यात कप्पे पडतात. आणि अखेरीस एक जाड साल फुप्फुसाला आवळून धरते. पहिल्या अवस्थेत जे काम औषधाने होते, त्याला दुसऱ्या अवस्थेत नळी लागते आणि तिसऱ्या अवस्थेत शस्त्रक्रिया. एका अवस्थेतून दुसरीत जाण्यास थोडे दिवसही पुरतात. आधुनिक रुग्णालये, उत्तम औषधे आणि कुशल शल्यचिकित्सक हाताशी असूनही, हा विकार झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी साधारण पाचांतील एक वर्षभरात दगावतो, असे पाश्चात्त्य देशांतील अभ्यास सांगतात. म्हणून हा विषय किरकोळ नव्हे.

हा विकार फार प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकातील ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेतील ग्रंथांत त्याचे स्पष्ट वर्णन आढळते. रुग्णाचे खांदे धरून त्याला हलवावे आणि छातीला कान लावून आत द्रव हिंदकळल्याचा आवाज येतो का ते पाहावे, ही तपासणी त्या वैद्यांची. बरगड्यांमध्ये छेद घेऊन पू काढण्याची रीतही त्यांना ठाऊक होती. बाहेर आलेला पू पांढरा व निर्मळ असेल तर रुग्ण वाचतो, रक्तमिश्रित, चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर वाचत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. पू सर्वांचा सारखा नसतो, हे त्यांनी डोळ्यांनी व नाकाने ओळखले. परंतु तो निराळा का असतो, हे कळण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. ते साधन मिळण्यास दोन हजार वर्षे लागली.

व्यापारी समाजाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे एक नाव या इतिहासात आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी आंतोनी फान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा दुकानदार होता. त्याचा जन्म १६३२ चा. तो विद्यापीठात शिकलेला नव्हता, वैद्यही नव्हता. कापडाचा पोत पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. त्या भिंगाच्या नादातून तो स्वतः अतिशय सूक्ष्म आणि प्रभावी भिंगे घडवू लागला. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठविलेल्या पत्रात स्वतःच्या दातांवरील पांढऱ्या किटणात दिसलेल्या वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन केले. मनुष्याच्या तोंडातील जिवाणूंची ही पहिली नोंद. ज्या मुखात आपण अन्न घालतो, त्याच मुखात असंख्य सूक्ष्म जीवांची वस्ती आहे, हे एका कापडवाल्याने जगाला प्रथम दाखविले. त्या वस्तीचा छातीतील पुवाशी काही संबंध असेल, असे मात्र तेव्हा कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

तो धागा जुळू लागला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८१ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, जोडीजोडीने राहणाऱ्या एकाच जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघांनाही तो मिळाला होता मनुष्याच्या लाळेत. पुढे कळून आले की, न्यूमोनियाचा प्रमुख कर्ता तोच. त्याला न्यूमोकॉकस हे नाव पडले. १८८४ साली हान्स ख्रिस्तियान ग्राम हा डॅनिश वैद्य बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांचे पातळ काप रंगवून पाहत होता. जंतू उठून दिसावेत एवढाच त्याचा हेतू. त्याने वापरलेला जांभळा रंग काही जंतूंनी धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. जंतूंची ‘ग्राम-पॉझिटिव्ह’ आणि ‘ग्राम-निगेटिव्ह’ ही विभागणी, जी आजही प्रत्येक प्रयोगशाळेच्या अहवालात छापलेली असते, ती अशी फुप्फुसाच्या आजारातूनच जन्माला आली.

जंतूचे नाव कळल्याने रुग्णाच्या दैवात काय फरक पडतो, याचा धडा १९१८ साली मिळाला. त्या वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने जग ग्रासले होते. अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत न्यूमोनियापाठोपाठ छातीत पू होऊन तरुण सैनिक मोठ्या संख्येने मरत होते. प्रचलित उपचार असा की, पू दिसला की छाती उघडावी व तो वाहू द्यावा. न्यूमोकॉकसमुळे होणाऱ्या विकारात हा उपचार बहुधा साधत असे, कारण तेथे न्यूमोनिया ओसरल्यावर मग पू जमतो. परंतु छावण्यांतील या रुग्णांत दुसराच जंतू आढळला, स्ट्रेप्टोकॉकस. त्याच्या बाबतीत न्यूमोनिया ऐन भरात असतानाच छाती द्रवाने भरते. अशा वेळी छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुस मिटते आणि आधीच श्वासासाठी झगडणारा रुग्ण शस्त्रक्रियेनेच दगावतो. एव्हर्ट्स ग्रॅहम हा तरुण शल्यचिकित्सक ज्या लष्करी मंडळात होता, त्या मंडळाने ही गोष्ट दाखवून दिली. प्रथम सुईने द्रव काढीत राहावे, हवा आत जाऊ देऊ नये, रुग्णाचे पोषण सांभाळावे आणि छाती उघडणे लांबणीवर टाकावे, असा नियम ठरला. जेथे शंभरांतील सुमारे तीस रुग्ण मरत होते, तेथे हे प्रमाण पाचाच्या आत आले. त्या वेळी एकही प्रतिजैविक औषध अस्तित्वात नव्हते. जंतू ओळखला गेला आणि त्याच्या चालीप्रमाणे उपचाराची वेळ बदलली, एवढ्यावर हे सारे झाले.

त्याच काळात वैद्यकाचा केवढा मोठा जाणकारही या आजारापुढे हतबल ठरे, याचे उदाहरण म्हणजे सर विल्यम ऑस्लर. वैद्यकाच्या ज्या पाठ्यपुस्तकावर डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या, ते त्यांनी १८९२ साली लिहिले. २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑक्सफर्ड येथे न्यूमोनियानंतर छातीत झालेल्या पुवानेच त्यांचा अंत झाला.

पुढे पेनिसिलिन आले आणि हा विकार आता इतिहासजमा होणार, असे वाटू लागले. तसे झाले नाही. आज डॉक्टरांपुढे जी अडचण आहे, ती औषधांच्या अभावाची नाही. कोणते औषध द्यावे हे ठरविण्याची आहे. आणि ती अडचण एका छोट्या कागदावरून सुरू होते. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरी तो कागद कसा आला, हे येथे सांगण्यासारखे आहे.

अण्णांचे वय सहासष्ट. मार्केट यार्डात पेढी, चाळीस वर्षांची आडत. मधुमेह दहा वर्षांचा, गोळ्या नियमित. पण एक दाढ वर्षभर ठणकत होती आणि तिच्याकडे पाहण्यास सवड मिळालेली नव्हती. सौद्याचे दिवस संपले की पाहू, असे ते म्हणत. आषाढात त्यांना ताप व खोकला आला. मुलाने ओळखीच्या औषध दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी आणली. तीन दिवसांत ताप उतरला, अण्णांनी गोळ्या थांबविल्या व पेढीवर गेले. चार दिवसांनी ताप परतला. दुकानदाराने या खेपेस दुसरी, अधिक ‘भारी’ पट्टी दिली. अकराव्या दिवशी उजव्या कुशीत अशी कळ आली की, पुरा श्वास घेता येईना.

गावातील एका रुग्णालयात त्यांना दाखल केले. एक्स-रे झाला, सुईने थोडा द्रव काढून साध्या नळीत प्रयोगशाळेला पाठविला आणि शिरेतून औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. जंतूंची वाढ आढळली नाही, असे त्यात लिहिले होते. घरात सर्वांना हायसे वाटले. अण्णांची भाची पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविते. मुलाने तिला आनंदाने फोन केला.

“ताई, अहवाल कोरा आला. जंतू नाहीत.”

“अरे, जंतू नाहीत असे त्यात लिहिलेले नाही,” ती म्हणाली. “जंतू उगवले नाहीत, एवढेच लिहिले आहे. मामांचा ताप उतरला का?”

ताप उतरलेला नव्हता.

पुढील दोन दिवसांत अण्णांना मिरजेला हलविण्यात आले. सोनोग्राफीत द्रवात कप्पे पडलेले दिसले. नळी घातली तेव्हा बाहेर आलेला पू इतका दुर्गंधीयुक्त होता की, खोलीतील मंडळींनी नाकाला पदर-रुमाल लावले. तेथील डॉक्टरांनी मात्र त्या वासातून निम्मे उत्तर वाचले. अशी दुर्गंधी प्रायः हवेत न जगणाऱ्या जंतूंमुळे येते आणि त्या जंतूंचे नेहमीचे वसतिस्थान तोंड. त्यांनी औषध त्याच घटकेला बदलले. पण केवळ वासावर न थांबता, ताजा पू रुग्णाच्या खाटेपाशीच दोन विशेष बाटल्यांत भरून पाठविला आणि आणखी थोडा जनुकीय तपासणीसाठी वेगळा ठेवला.

रक्तातील जंतू वाढविण्यासाठी ज्या पोषक द्रवाच्या बाटल्या वापरतात, त्याच या बाटल्या. एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी हवा न सोसणाऱ्यांसाठी. ही युक्ती साधी असली तरी तिच्यामागे पुरावा आहे. २०११ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीतील द्रव नेहमीच्या रीतीने पाठविला असता सुमारे ३८ टक्के रुग्णांत जंतू सापडला. त्याच द्रवाचा काही भाग अशा बाटल्यांतही घातला तेव्हा हे प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांवर गेले. रुग्ण तेच, पू तोच. फरक केवळ भांड्याचा.

अण्णा सावरू लागल्यावर भाची त्यांना भेटण्यास आली. पहिला अहवाल कोरा का आला, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. हिशोबात पैचा फरक राहिला तरी रात्री झोप न येणारा तो माणूस.

“म्हणजे पहिल्या ठिकाणी तपासणी खोटी झाली का गं?” त्यांनी विचारले.

“खोटी नाही, मामा. अपुरी झाली. पोत्याच्या तोंडाशी असलेली हळद पाहून तुम्ही कधी भाव केलात का?”

अण्णा हसले. “वरची मूठ विकणाऱ्याची असते, बाळ. मधली मूठ मालाची.”

“तसेच हे आहे,” ती म्हणाली, आणि तिने तीन कारणे सांगितली. ती प्रत्येक घराने ऐकावीत अशी आहेत.

पहिले कारण औषध. अकरा दिवसांत दोन निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या अर्ध्यामुर्ध्या मात्रा पोटात गेल्या होत्या. प्रयोगशाळेत जंतू ओळखण्याची जुनी रीत म्हणजे त्याला अन्न व ऊब देऊन वाढविणे. औषधाने अर्धमेला झालेला जंतू छातीत उपद्रव चालू ठेवू शकतो. परंतु काचेच्या बशीत वाढण्याइतकी शक्ती त्याच्यात उरत नाही. ज्याने आजार मुळापासून काढला नाही, त्या औषधाने आजाराचा माग मात्र पुसून टाकला.

दुसरे कारण हवा. तोंडातील अनेक जंतूंना प्राणवायू म्हणजे विष. साध्या नळीत भरलेला नमुना तासन्‌तास पडून राहिला की ते वाटेतच मरतात. मागे उरलेला अहवाल कोरा असतो.

तिसरे कारण जागा. जंतू द्रवात सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. पुष्कळसे पडद्याला चिकटून बसतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने पडद्याचाच लहानसा तुकडा काढून तपासला, तेव्हा केवळ द्रवात न सापडलेले जंतू आणखी काही रुग्णांत सापडले. द्रव म्हणजे वरची मूठ, पडदा म्हणजे मधली, हे अण्णांना तत्काळ उमगले.

या तिन्ही कारणांमुळे, नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या दर दहा नमुन्यांपैकी साधारण चार नमुन्यांत काहीच उगवत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या वीस वर्षांत निराळी वाट चोखाळली गेली. प्रत्येक जिवाणूत ‘सोळा-एस’ या नावाने ओळखले जाणारे एक जनुक असते. त्याचे काही भाग सर्व जिवाणूंत जवळजवळ सारखे, तर काही भाग जातीजातीत वेगळे असतात. सारख्या भागांवरून ‘येथे जिवाणू आहे’ हे कळते आणि वेगळ्या भागांवरून ‘तो कोणता’ हे. त्यासाठी जंतू जिवंत असण्याची आवश्यकता नाही. व्यापारी गाशा गुंडाळून गेला तरी त्याच्या वह्या सापडाव्यात, तसा हा प्रकार. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चारशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात संवर्धनाला जनुकीय तपासणीची जोड दिल्यावर ७४ टक्के रुग्णांत जंतूचे नाव हाती आले. घरी असताना आजारी पडलेल्यांत मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकसच्या जाती व हवेत न जगणारे जंतू, तर रुग्णालयात असताना हा विकार जडलेल्यांत स्टॅफिलोकॉकससारखे, औषधांना दाद न देणारे जंतू अधिक, हे त्या अभ्यासाने स्पष्ट केले. एकच रोग, पण घरचा व रुग्णालयातला असे त्याचे दोन निराळे चेहरे. म्हणून औषधेही निराळी.

२०२२ साली ऑक्सफर्डच्या गटाने २४३ नमुन्यांची जनुकीय तपासणी अधिक बारकाईने केली. दर पाचांपैकी जवळजवळ चार नमुन्यांत एकाहून अधिक प्रकारचे जंतू एकत्र नांदत होते. न्यूमोकॉकस मात्र बहुधा एकटाच असे. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी होती. हवेत न जगणाऱ्या, मुख्यतः तोंडातून आलेल्या जंतूंचे प्राबल्य असलेले रुग्ण तुलनेने अधिक वाचले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा आतड्यांतील काही ग्राम-निगेटिव्ह जंतू असलेल्यांत मृत्यू अधिक झाले. हिपोक्रेटिसच्या काळी दुर्गंधीयुक्त पू हे मृत्यूचे चिन्ह होते. आज जंतू ओळखून योग्य औषध वेळेवर दिले तर तेच चिन्ह त्यामानाने आशेचे ठरू शकते.

अण्णांच्या दुसऱ्या नमुन्यात, हवाविरहित बाटलीत, दोन दिवसांत स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस नावाचा जंतू वाढला. जनुकीय अहवालात त्याच्या जोडीला तोंडातील आणखी दोन जंतूंची नावे आली. हे सारे दाढेच्या मुळाशी राहणारे रहिवासी. झोपेत घशातील लाळेचा अंश श्वासनलिकेत उतरतो, मधुमेहाने शरीराची पहारेदारी सैल पडलेली असते आणि दातातील दुखणे छातीत जाऊन बसते. अण्णांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून कप्पे मोडावे लागले. तीन आठवड्यांनी ते घरी आले. पुढे ती दाढही निघाली. ज्या दाढेला वर्षभरात अर्धा दिवस मिळाला नव्हता, तिने पेढीचे दोन महिने घेतले.

आपल्या देशात या विषयाला आणखी एक बाजू आहे. भारतात छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्त आहे, कारण येथे ते एक अतिशय प्रमुख कारण आहे. पण तेथेही हीच अडचण. क्षयाच्या द्रवात जंतूंची संख्या इतकी थोडी असते की, द्रवाच्या तपासणीत ते पुष्कळदा सापडत नाहीत. पडद्याचा तुकडा तपासला तर सापडण्याची शक्यता वाढते. म्हणून कोऱ्या अहवालावरून क्षय नाही असे म्हणता येत नाही आणि केवळ पाणी आहे एवढ्यावरून क्षयच आहे असेही म्हणता येत नाही. एका निष्कर्षाने सहा महिन्यांची औषधे पोटात जातात, दुसऱ्याने खरा रोग वाढत राहतो. दोन्ही बाजूंनी किंमत रुग्णच मोजतो.

मग घरच्या माणसांनी करावे काय? जंतुशास्त्र शिकण्याची गरज नाही. पाच-सहा साध्या गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ साधते.

प्रतिजैविकाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून ती रेघ पुसली जात नाही. आधी औषध घेतलेले असेल तर ते कोणते, किती दिवस आणि केव्हा थांबविले, हे डॉक्टरांना न संकोचता सांगावे; रिकामी पट्टी जपून ठेवून दाखवावी. त्यात कमीपणा काहीच नाही, दडविण्यात मात्र धोका आहे.

न्यूमोनियाचे औषध सुरू होऊन तीन-चार दिवस झाले तरी ताप उतरत नसेल, किंवा श्वासाबरोबर कुशीत कळ येत असेल, तर पुन्हा एक्स-रे किंवा सोनोग्राफीबाबत विचारावे. द्रव काढण्याची वेळ आली तर तो बाटल्यांतही पाठविता येईल का, हे नम्रपणे विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे. त्यासाठी येणारा खर्च रुग्णालयातील वाढीव दिवसांच्या खर्चापुढे नगण्य ठरतो. मात्र गंभीर रुग्णाचे औषध अहवालासाठी अडवून ठेवावयाचे नसते. नमुना आधी घ्यावा आणि औषध लगेच सुरू करावे, असा क्रम असला म्हणजे झाले.

वृद्ध व मधुमेही माणसांच्या दातांची तपासणी हा चैनीचा खर्च समजू नये. न्यूमोकॉकसविरुद्ध लस आहे. या जंतूचे शंभराच्या आसपास उपप्रकार आहेत. त्यांतील कोणते अधिक घातक, हे अभ्यासून लशी घडविल्या गेल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा उपप्रकारांविरुद्धची लस डिसेंबर २०२० मध्ये आणली. बालकांच्या सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली आणि २०२१ मध्ये ती देशभर लागू झाली. ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्यांच्यासाठीच्या लशींचा विचार करावा. लस एका जंतूला अडविते. दातांची निगा अनेकांना. दोन्हींची आवश्यकता आहे.

जमाखर्चाची सवय असलेल्या घरांना यातील मर्म समजावून सांगावे लागू नये. खात्यात नोंद नाही, याचे दोन अर्थ होतात. व्यवहार झालाच नाही, हा एक. व्यवहार झाला, पण लिहिला गेला नाही, हा दुसरा. कुशल मुनीम पहिल्या अर्थावर समाधान मानीत नाही. तो पावत्या मागतो, माल मोजतो, तारीख पाहतो. प्रयोगशाळेच्या कोऱ्या कागदाकडेही तसेच पाहावे. रुग्णाचा ताप एक सांगत असेल आणि अहवाल दुसरे, तर आधी तापावर विश्वास ठेवावा आणि नमुना केव्हा घेतला, कशात पाठविला, त्यापूर्वी कोणते औषध पोटात गेले होते, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे बरे वाटेलच असे नाही. पण पुढचे पाऊल अंधारात पडत नाही. छातीच्या या आजारात वेळेवर टाकलेल्या एका पावलाची किंमत फार मोठी असते.